तारे धावतात जास्त, वजन दिसतं कमी : आकाशातला हिशोब नेमका कुठे अडलाय?

जव्हार/मोखाडा : डार्क मॅटर नावाचं काही नसतंच, शास्त्रज्ञांनी आता कबूल केलं, अशा अर्थाचे व्हिडिओ मोबाईलवर अधूनमधून फिरतात. चार दिवसांनी दुसरा येतो, डार्क मॅटर सापडलं म्हणून. दोन्ही खरे नाहीत. भांडण मात्र खरं आहे. जवळपास नव्वद वर्षांपासून चालू आहे, अजून मिटलेलं नाही, आणि त्यात पुण्यात काम केलेल्या माणसांचाही वाटा आहे. आश्रमशाळेत विज्ञान शिकणाऱ्या पोरांनी ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुस्तकात विज्ञान कायम संपल्यासारखं लिहिलेलं असतं.

आधी हिशोब बघू. गोफण फिरवताना दगड सुटून जात नाही, कारण दोरी त्याला धरून असते. दगड जितका जोरात फिरवाल तितकी दोरी मजबूत पाहिजे. आकाशात दोरीचं काम गुरुत्वाकर्षण करतं, आणि ही दोरी वजनातून येते. मधे वजन जास्त तर ओढ जास्त. लांब गेलं की ओढ कमी होते, म्हणून लांबचा ग्रह हळू फिरतो. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर पळतो, आपली पृथ्वी ३०, आणि सगळ्यात लांबचा नेपच्यून साडेपाचच्या आत.

आता तारप्याचा नाच आठवा. तिथे उलट असतं. सगळ्यांचे हात एकमेकांत अडकलेले, म्हणून रांगेच्या बाहेरच्या टोकाला जास्त धावावं लागतं. ताऱ्यांचे हात असे अडकलेले नाहीत, त्यामुळे त्यांनी ग्रहांसारखं लांब गेल्यावर हळू व्हायला पाहिजे. पण होत नाहीत. १९७० साली अमेरिकेत व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतल्या वेगवेगळ्या ठिकाणांचा वेग मोजला. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वसाहत, आपली आकाशगंगा तशीच एक. मधल्या भागापासून लांबच्या कडेपर्यंत वेग जवळपास तेवढाच राहिला. जे तारे आणि वायू दिसतात, त्यांच्या वजनाची दोरी एवढ्या वेगाला पुरत नाही. कडेचे तारे कधीच सुटून जायला हवे होते. त्याच्या आधी १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या एका पुंजक्यात हाच घोळ दिसला होता, पण तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

भाताचं पोतं काट्यावर टाकलं आणि काटा अंदाजापेक्षा खूप जास्त दाखवायला लागला, तर आपण दोनच शंका घेतो. पोत्यात भाताशिवाय काहीतरी आहे, नाहीतर काटाच बिघडलाय. शास्त्रज्ञांचंही तेच झालं. पहिला गट म्हणतो, न दिसणारं द्रव्य आहे, आणि ते दिसणाऱ्यापेक्षा साधारण पाचपट. यालाच डार्क मॅटर किंवा कृष्णद्रव्य म्हणतात. दुसरा गट म्हणतो, द्रव्य जेवढं दिसतं तेवढंच आहे, गुरुत्वाकर्षणाचा नियमच तिथे वेगळा चालतो.

दुसरा गट येडा आहे असं समजू नका. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता, तेव्हा ल व्हेरिए या फ्रेंच गणित्याने सांगितलं की पलीकडे न दिसणारा ग्रह असणार. १८४६ साली तो सापडला, तोच नेपच्यून. पुढे बुधाच्या चालीत फरक दिसला. याच ल व्हेरिएंनी परत तेच सांगितलं, सूर्याजवळ एक लपलेला ग्रह आहे. त्याचं नावही ठेवलं, व्हल्कन. लोकांनी कित्येक वर्षं शोधला, पण तो नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्याने मांडला आणि बुधाचा हिशोब जुळला. एकदा पोत्यात खरंच काहीतरी निघालं, एकदा काटा बदलावा लागला.

काटा बदलायचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न इस्रायलच्या मोर्देहाय मिल्ग्रोम यांचा, १९८३ सालचा. ते म्हणाले, ओढ फारच कमी झाली की ती न्यूटनच्या नियमाइतकी घटत नाही. फारच कमी म्हणजे किती? थांबलेल्या वस्तूला सेकंदाला १ मीटर एवढी चाल यायला अडीचशेहून जास्त वर्षं लागतील, इतकी. गंमत अशी, की एवढा एकच आकडा धरून शेकडो दीर्घिकांचे वेग बरोबर येतात. पण दीर्घिकांच्या मोठ्या पुंजक्यांत तो नियम कमी पडतो, तिथे परत न दिसणारं काहीतरी धरावंच लागतं. २००६ सालचा एक पुरावा तर त्याला जड जातो. दोन पुंजके एकमेकांवर आदळले होते. दोन वराती अरुंद रस्त्यात समोरासमोर आल्या की गर्दी अडकते, तसा वायू मधे अडकला, आणि दिसणाऱ्या द्रव्यातलं बरंचसं वजन त्या वायूतच असतं. पण मागून येणारा प्रकाश कुठे वाकतो ते मोजलं, तर ओढ मधे नाही, दोन्ही बाजूंना पुढे निघून गेलेली.

आता आपल्याकडचं. जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आपल्या भागात अनेकांना त्यांचं नाव माहीत आहे. १९६४ साली त्यांनी फ्रेड हॉयल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा, की वस्तूचं वस्तुमान तिचं एकटीचं नसतं, विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे ते येतं. पूर्ण रिकाम्या विश्वात एकच दगड असेल, तर त्याला वस्तुमानच नसेल. पुढे १९९३ पासून हॉयल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी महास्फोटाशिवायचं विश्व मांडलं. त्यात अंधारातलं द्रव्य म्हणजे जुने, जळून विझलेले तारे असू शकतात, वेगळा कण मानायची गरज नाही. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, आणि पुरावे पाहता त्यांचं न पटणं मला बरोबर वाटतं. तरी नारळीकर यांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुका संस्थेतच थाणू पद्मनाभन होते, २०२१ साली गेले. त्यांनी रिकाम्या जागेलाच हात घातला. टोपातलं पाणी गरम आहे असं आपण म्हणतो, पण पाण्याचा एक कण गरम नसतो. असंख्य कण मिळून उष्णता दिसते. गुरुत्वाकर्षणही तसंच, रिकाम्या जागेच्या बारीक घडणीतून वर येत असावं, अशी त्यांची मांडणी. त्याच वाटेने नेदरलँडचे एरिक व्हर्लिंडे २०१६ साली पुढे गेले आणि म्हणाले, डार्क मॅटर म्हणून जी ओढ दिसते ती रिकाम्या जागेचीच आहे. हे अजून सिद्ध झालेलं नाही.

मग कण तरी सापडला का? नाही. झारखंडच्या जादुगुडा खाणीत साडेपाचशे मीटर खोल प्रयोगशाळा केली, परदेशात त्याहून मोठी यंत्रं आहेत, पण हाती काही नाही. २०२३ साली एकमेकांपासून लांब फिरणाऱ्या जोडताऱ्यांवर दोन गटांनी अभ्यास केला. माहिती एकाच गाया दुर्बिणीची, आणि निकाल दोन. एकाला नियम बदललेला दिसला, दुसऱ्याला न्यूटनच बरोबर वाटला. माझ्या मते आज पारडं डार्क मॅटरकडे झुकलेलं आहे, पण मिल्ग्रोम यांचा तो एक आकडा इतका कसा जुळतो, याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून नाही.

ज्यांना हे यंत्रांसकट बघायचंय, त्यांच्यासाठी जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण आहे. दीर्घिकेतले तारे संपतात तिथून पुढेही हायड्रोजन वायू फिरत असतो, तो अशाच दुर्बिणींना दिसतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना आत सोडतात.

आणि रुबिन यांनी मोजलेली देवयानी दीर्घिका बघायला दुर्बीण लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमावास्येच्या आसपास, रात्री आठच्या सुमारास दिव्यांपासून लांब खाचरात उभे राहा. उत्तरेला एम अक्षरासारखी शर्मिष्ठा दिसेल, डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन. दोघांच्या मधे पुसट ढगाचा ठिपका दिसतो, तीच ती. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात.