औषधालयाची जावक ईमेल : मार्ग आणि प्रमाण

मागणीपत्रे, दरपत्रके, देयके आणि रुग्णांना द्यावयाच्या सूचना आता बहुतांशी ईमेलने जातात. अनेक औषधालयांत देयकाची संगणकप्रणालीच ती आपोआप पाठविते. पडद्यावर ‘पाठविले’ अशी नोंद उमटते. परंतु पत्र पोहोचतेच असे नाही. मात्राबदल कळविणारे पत्र असे हरवले तर हानी रुग्णाची होते. म्हणून जावक ईमेलचा मार्ग वैद्यांनी व औषधालयचालकांनी समजून घेणे हिताचे आहे.

ईमेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाते ती १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपी पद्धतीने, पोर्ट २५ वरून. दवाखान्यातील संगणकाने हे काम स्वतःच करू पाहिल्यास दोन अडथळे येतात. व्हायरसबाधित संगणक याच वाटेने नकोशी पत्रे पाठवीत असल्याने अनेक इंटरनेट पुरवठादार लहान जोडण्यांवर पोर्ट २५ बंद ठेवतात. शिवाय अशा जोडणीचा आयपी पत्ता बदलता असतो. असे पत्ते अनेकदा अविश्वसनीय पत्त्यांच्या यादीत असतात. आप्तोपदेश प्रमाण ठरतो तो सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेमुळे. येथेही न्याय तोच.

यावर उपाय असा की, पत्र पुरवठादाराच्या मेल सर्व्हरकडे सोपवावे. प्रणालीच्या जावक रकान्यात त्या सर्व्हरचे नाव, पोर्ट ५८७ किंवा ४६५, खात्याचे नाव व पासवर्ड भरावा आणि वाटेतील मजकूर गुप्त ठेवणारे टीएलएस सुरू ठेवावे. समोरचा सर्व्हर तात्पुरता बंद असला तरी पुरवठादाराचा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुनःपुन्हा प्रयत्न करतो. सर्वच इंटरनेट पुरवठादार ही सेवा देत नाहीत. तेव्हा आपल्या डोमेनची ईमेल सेवा देणाऱ्याचा सर्व्हर वापरावा.

मात्र एवढ्याने भागत नाही. स्वतःचे डोमेन असल्यास, त्या सर्व्हरला आपल्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार दिल्याचे डोमेनच्या डीएनएसमधील एसपीएफ नोंदीत लिहावे लागते. ही नोंद एकच असावी. दोन झाल्यास तपासणीच निष्फळ ठरते. पुरवठादार बदलताच ती बदलावी. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक प्रेषकास एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आवश्यक केले आहे. दिवसाला सुमारे ५,००० वा अधिक पत्रे पाठविणाऱ्यास दोन्ही लागतात.

परत आलेली पत्रे रोज पाहावीत, आणि मात्राबदलासारखी सूचना दूरध्वनीवरून पक्की केल्यावाचून पोहोचली असे मानू नये.