ट्रेलर ओढणारी जुनी जीप तापते तेव्हा

जयपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. अशात मागे ट्रेलर लावून नाहरगडचा चढ घेतला की जुन्या एमएम ५४० किंवा बोलेरोचा काटा लालकडे जातो. लगेच हेड गॅस्केटवर संशय नको. आधी गाडी नेमकी कधी तापते ते बघा. सिग्नलला तापून वेग घेतल्यावर थंडावत असेल, तर पंखा आणि त्याचा पट्टा तपासा. फक्त चढावर, ओझ्याखाली तापत असेल, तर बहुतेक वेळा रेडिएटर चोंदलेला असतो.

इकडे त्याचं मोठं कारण म्हणजे बोअरचं जड पाणी. वर्षानुवर्षं तेच ओतलं की नळ्यांत क्षार बसतात. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच (गरम असताना अजिबात नाही!) झाकण काढून आत टॉर्च मारा. नळ्यांच्या तोंडाशी पांढरट-तपकिरी पापुद्रा दिसला, तर रेडिएटर उतरवून साफ करून घ्या. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

झाकणाचं रबरही दाबून बघा. ०.९ बारचं झाकण धड असेल, तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की हा फायदा गेला. झाकण कंपनीने सांगितलेल्या दाबाचंच घ्या.

‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला मात्र ऐकू नका. थंडीत इंजिन नीट तापत नाही आणि झिजतं.

चढावर काटा वर जायला लागला, तर खालचा गिअर टाका आणि हीटर पूर्ण चालू करा. घामाघूम व्हाल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते.