भूकंप शिकवताना : भूपट्ट, किल्लारी आणि मुलांचा नेहमीचा प्रश्न



भूकंपाचा पाठ आपण सगळेच घेतो. व्याख्या होते, भूकंपनाभी आणि अपिकेंद्राची आकृती वहीत येते, स्वाध्याय संपतो. पण पाठ संपता संपता कुणीतरी हात वर करतंच, "आपल्याकडे होईल का हो भूकंप?" या प्रश्नाला "नाही रे, घाबरू नको" हे उत्तर पुरत नाही. महाराष्ट्राने कोयना पाहिलंय, किल्लारी पाहिलंय. म्हणून या लेखात पाठ थोडा सविस्तर पाहू. मुलांना कारण समजलं की भीतीही बरीच कमी होते.

१) जमीन सरकते म्हणजे काय?

पृथ्वीचा वरचा कठीण थर अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. वर्गात समजावायला दुधावरच्या सायीचं उदाहरण चालतं. खाली दूध हलतं, वर सायीचे तुकडे सरकतात. फक्त एक गोष्ट आवर्जून सांगा : खालचं प्रावरण दुधासारखं पातळ नाही. तो घनच खडक आहे, पण प्रचंड उष्णतेमुळे लाखो वर्षांच्या काळात तो अगदी सावकाश वाहतो. हे सांगितलं नाही तर मुलांना वाटतं, आपण लाव्हाच्या समुद्रावर तरंगतोय!

खंड सरकतात ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये मांडली. तेव्हा बहुतेकांनी ती मानली नाही, कारण खंडांना ढकलतं कोण हे त्यांना पटेल असं सांगता येत नव्हतं. पुढे समुद्रतळाचा अभ्यास झाला आणि 1960 च्या दशकात भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला.

आपला भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतोय. मुलांना बोटांची नखं बघायला सांगा. नखं वाढतात जवळपास त्याच वेगाने! सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी हा भूपट्ट आशियाला धडकला, त्यातून हिमालय उभा राहिला. ती रेटारेटी अजून चालूच आहे.

२) सरकणं हळू, मग धक्का अचानक का?

इथे बोलण्यापेक्षा प्रयोग करा. साहित्य घरचंच : एक वीट, पॉलिश पेपर, दोरा आणि रबर.

बाकावर पॉलिश पेपर चिकटवा, खरखरीत बाजू वर. त्यावर वीट ठेवा. विटेला दोरा बांधा, दोऱ्याला रबर अडकवा आणि रबर अगदी हळूहळू ओढा. आधी रबर ताणतं, वीट जागची हलत नाही. मग एकदम झटका बसतो आणि वीट पुढे सरकते.

खडकांचंही असंच होतं. घर्षणामुळे खडक अडकून बसतात, ताण साठत जातो आणि सहन होईनासा झाला की खडक भेगेवर एकदम सरकतात. साठलेली ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर पडते. तोच भूकंप.

आता पुढची पायरी. मुलांना म्हणा, "वीट नेमकी कधी सरकेल ते आधी सांगा." कुणालाही दरवेळी बरोबर सांगता येणार नाही. "उद्या रात्री अमुक वाजता भूकंप होणार" असे मेसेज मोबाईलवर फिरतात, तेव्हा ही वीट आठवायची. कुठे धोका जास्त आहे हे शास्त्रज्ञ सांगू शकतात, दिवस आणि वेळ कुणीच सांगू शकत नाही.

३) किल्लारी तर भूपट्टाच्या मध्यावर!

भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात, असं आपण शिकवतो. बहुतेक भूकंपांच्या बाबतीत ते खरंच आहे. पण मग लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं काय? हिमालयाची कड तिथून हजार किलोमीटरपेक्षा लांब आहे. हुशार मूल हे विचारणारच.

उत्तर असं : एक लांब बाक भिंतीला टेकवा आणि मागून ढकलत राहा. ताण फक्त भिंतीकडच्या टोकावर येत नाही, सगळ्या बाकावर येतो. मधे कुठे जुनी चीर असेल तर ती तिथे करकरते. भारतीय भूपट्टाचंही असंच आहे. उत्तरेला तो अडलाय, त्यामुळे आतल्या जुन्या, कमकुवत भेगांवरही ताण येतो. असे भूकंप क्वचित होतात, पण होतात.

कोयनेची गोष्ट थोडी वेगळी. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे तिथे मोठा भूकंप झाला. धरणाच्या जलाशयातलं पाणी खोल भेगांमध्ये मुरतं, भेगांमधला पाण्याचा दाब वाढतो आणि आधीच ताणलेले खडक सरकायला निमित्त मिळतं, असं बहुसंख्य अभ्यासक मानतात. म्हणजे ताण आधीपासूनचा, पाणी फक्त निमित्त.

४) माणसं कशामुळे गेली?

30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. भूकंपाची तीव्रता होती सुमारे 6.2. एवढ्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात. तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली.

कारण घरांमध्ये होतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचा जड थर असलेली माळवदं. केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, त्यामुळे हादरा जोराचा बसला. भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हे मुलांना जरूर सांगा : जीव बहुतेक वेळा जमीन घेत नाही, पडणारी भिंत घेते. म्हणूनच घर बांधताना पाया, दारं-खिडक्यांची वरची पातळी आणि छत इथे चहूबाजूंनी सलग पट्टा घालणं आणि कोपरे पक्के बांधणं फार महत्त्वाचं.

तीव्रतेचा आकडाही समजावा. 4 आणि 6 यांत फरक दोनचाच दिसतो, पण बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे हजारपट असते. एकेका अंकाला साधारण 32 पट. सहावीचं मूलही गुणाकार करून बघेल.

५) वर्गात सराव

पाठ इथे संपवू नका. दहा मिनिटांचा सराव घ्या :

• हादरा जाणवला की बाकाखाली जायचं, डोकं हातांनी किंवा दप्तराने झाकायचं, बाकाचा पाय घट्ट धरायचा.
• हादरे थांबेपर्यंत जिन्याकडे धावायचं नाही. ढकलाढकलीतच जास्त लागतं.
• थांबल्यावर रांगेने मैदानात यायचं. भिंत, विजेचा खांब, पाण्याची टाकी यांपासून लांब उभं राहायचं.
• नंतरही छोटे धक्के बसतात. मोठ्यांनी सांगितल्याशिवाय दप्तर आणायला आत जायचं नाही.

पालकांनी घरी एवढंच करावं : पलंगाच्या वर जड फोटो किंवा सामान नको, कपाट भिंतीला पक्कं हवं, आणि बाहेर पडल्यावर सगळ्यांनी कुठे जमायचं ती जागा ठरलेली हवी.

मग त्या नेहमीच्या प्रश्नाला उत्तर देता येतं : "होऊही शकतो बाळा, कधी ते कुणालाच माहीत नाही. पण झाला तर काय करायचं, ते तुला आता माहीत आहे."

विटेचा प्रयोग आपल्या वर्गात नक्की करून पहा. मुलं काय काय विचारतात ते फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढच्या तासाची तयारी तिथेच होईल.