माणूस घरी येण्याआधी खाट घरी आली पाहिजे
मानेच्या ऑपरेशननंतरची झोप आणि घरची शुश्रूषा

मानेच्या मणक्याचे ऑपरेशन पार पडले, डॉक्टरांनी ‘सर्व ठीक आहे’ म्हणून सांगितले, की घरच्यांच्या जिवात जीव येतो. काही दिवसांत सुट्टी मिळते. टॅक्सी करून पेशंटला घरी आणतात, शेजारीपाजारी भेटून जातात आणि त्याच रात्री खरा प्रश्न उभा राहतो. या माणसाला झोपवायचे कुठे आणि कसे? इस्पितळात वर-खाली होणारी कॉट होती, हाकेला नर्स होती. इथे दहा बाय दहाची खोली, तीत सहा माणसे आणि जमिनीवर अंथरलेली सतरंजी.

वस्त्यावस्त्यांत फिरताना आम्ही असे पेशंट पाहिले आहेत. एका हमाल बंधूंना जमिनीवर झोपवले होते. सकाळी मुलाने प्रेमानेच दोन्ही हात धरून त्यांना ओढून उठवले आणि त्यांच्या मानेतून अशी कळ गेली की दिवसभर ते बोलू शकले नाहीत. एक भगिनी आठव्या दिवशी शेगडीपुढे होत्या आणि दहाव्या दिवशी नळावर. या घरांतील माणसे वाईट नव्हती. घरी आल्यावर काय करायचे, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच. प्रत्येकाचे ऑपरेशन वेगळे असते, तेव्हा आपल्या डॉक्टरांनी जे सांगितले असेल तेच शेवटचे मानावे.

ऑपरेशनमध्ये होते काय?

आपल्या मानेत सात मणके असतात. मणक्यांच्या मध्ये मऊ चकत्या असतात, त्यांनाच आपण ‘गादी’ म्हणतो. वयाने चकत्या झिजतात. वर्षानुवर्षे डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या त्या लवकर झिजतात. चकती सरकून नसेवर दाब आला की हाताला मुंग्या येतात, कळा येतात, पकड सुटते. मज्जारज्जूवरच दाब आला तर चालताना तोल जातो आणि शर्टाचे बटणसुद्धा लावता येत नाही.

बऱ्याच वेळा हे ऑपरेशन गळ्याच्या पुढच्या बाजूने करतात. अन्ननलिका व श्वासनलिका हळूच बाजूला सारून खराब चकती काढतात, तिच्या जागी हाडाचा तुकडा किंवा छोटा पिंजरा बसवतात आणि अनेकदा पट्टी व स्क्रूने तो पक्का करतात. पुढे ते दोन मणके एकमेकांना जुळायचे असतात. या जुळण्याला निदान तीन महिने लागतात, काहींना सहा महिने ते वर्षही लागते. टाके दोन आठवड्यांत निघतात, पण आतले हाड तेव्हा कच्चेच असते. इस्पितळात चार दिवस आणि घरी अनेक महिने, असा हा हिशेब आहे.

खाट, गादी आणि उशी

पेशंट घरी येण्याच्या आदल्या दिवशी खाटेची सोय करावी. जमिनीवरून उठताना सगळा ताण मान व खांद्यांवर येतो. खाट गुडघ्याइतक्या उंचीची असावी, म्हणजे बसल्यावर पाय जमिनीला टेकतात. झोळ पडलेली बाज किंवा ढिली झालेली नवार नको; फळीवर कापसाची गादी उत्तम. विकत घेणे परवडत नसेल तर दोन-तीन महिन्यांसाठी कोणाकडून मागून आणावी. त्यात लाज कसली?

झोपायचे ते पाठीवर किंवा कुशीवर. पोटावर झोपू नये, कारण मग मान एका बाजूला वळवावीच लागते.

पाठीवर झोपताना उशी पातळ हवी. हनुवटी छातीला टेकू नये आणि मान मागेही पडू नये. तोंड सरळ छताकडे राहावे. उशी नसेल तर टॉवेलची किंवा जुन्या लुगड्याची घडी चालते. गुडघ्यांखाली एक उशी ठेवली की कंबरेलाही आराम पडतो. दोन जाड उशा एकावर एक रचून डोके उंच करणे मात्र चुकीचे. पुढच्या बाजूने ऑपरेशन झालेल्यांना पहिले काही दिवस जरा उंचावर पडले की गिळायला व श्वास घ्यायला बरे वाटते. त्यासाठी नुसते डोके उचलू नये. कंबरेपासून वर पाठीखाली उतार होईल अशा उशा किंवा गोधड्या लावाव्यात, म्हणजे पाठ, मान आणि डोके एका रेषेत राहतात.

मानेच्या मागून ऑपरेशन झाले असेल तर पाठीवर झोपताना जखम दुखते. अशा वेळी कूस बरी. कुशीवर झोपताना उशी खांद्याच्या उंचीइतकी जाड असावी. डोके खाली लोंबता कामा नये आणि वरही उचललेले नको. एक उशी गुडघ्यांमध्ये आणि एक छातीशी धरायला द्यावी, म्हणजे वरचा हात खांद्याला ओढत नाही.

कॉलर म्हणजे गळपट्टा सर्वांनाच लागतो असे नाही. दिला असेल तर रात्री घालायचा की काढायचा आणि किती आठवडे वापरायचा, हे इस्पितळातून निघतानाच विचारून कागदावर लिहून घ्यावे. सांगितल्यापेक्षा जास्त दिवस वापरला तर मानेचे स्नायू दुबळे होतात.

उठायचे कसे?

लाकडाचा ओंडका जसा अखंड फिरतो तसे वळावे. आधी दोन्ही गुडघे दुमडावेत. मग खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यावे. पाय खाटेखाली सोडावेत आणि त्याच वेळी कोपर व तळहाताने खाटेला रेटा देत बसावे. क्षणभर बसून राहावे, चक्कर येत नाही ना हे पाहावे, मगच उभे राहावे. मदत करणाराने पाठीला व खांद्याला आधार द्यावा. हात धरून ओढू नये, मानेखाली हात घालून उचलू नये.

रात्रीची तयारी

पहिले दोन-तीन आठवडे झोप तुटक लागते. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेलाच द्याव्यात. मेडिकलच्या दुकानातून मनाने दुसरी गोळी आणू नये. हाड जुळण्याच्या काळात काही वेदनाशामक गोळ्या डॉक्टर मुद्दाम टाळतात. पाणी आणि गोळ्या हाताच्या उंचीवर ठेवाव्यात. बारीक दिवा चालू असावा. चाळीतला संडास दूर असेल तर रात्री एकट्याला सोडू नये. उकिडवे बसणे-उठणे जड जाते, म्हणून मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची मिळाल्यास फार उपयोगी पडते.

गिळायला त्रास होत असेल तर पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, शिजवलेली भाजी द्यावी. गोळ्यांनी पोट जड होते, तेव्हा पाणी आणि पालेभाजी हवीच. दिवसा खोलीत, गल्लीत थोडे थोडे पण अनेक वेळा चालावे. त्याने रात्रीची झोप सुधारते. टीव्ही उंच फळीवर असेल तर तो खाली आणावा आणि मोबाईल डोळ्यांसमोर धरावा. भेटायला येणाऱ्यांनी पेशंटच्या समोर बसावे, म्हणजे त्याला मान वळवावी लागणार नाही. आणि लवकर उठावे.

हंडा, सिलिंडर आणि मूल

‘जड उचलू नका’ असे डॉक्टर सांगतात. जड म्हणजे किती? पहिल्या काही आठवड्यांत साधारण दोन ते चार किलोच्या वर नाही. आता घरातले हिशेब करू. एक लिटर पाणी एक किलो भरते, म्हणजे पंधरा लिटरचा हंडा पंधरा किलोच्या वर गेला. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास. दळणाचा पाच किलोचा डबाही नको आणि कडेवर मूलही नको. हमाली, गवंडीकाम यांकडे परत जायचे की नाही, हे एक्स-रे पाहून डॉक्टरच ठरवतील.

तंबाखू, मालीश आणि अंगारा

निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री, सगळ्यांत निकोटीन आहे. पंचशील घेणाऱ्या घरात दारूबद्दल आपण बोलतो. या तीन महिन्यांत मिश्रीच्या डबीबद्दलही बोलले पाहिजे. तेल लावून मालीश नको आणि केशकर्तनालयात मान मोडून घेणे तर कायमचे बंद. अंगारे-धुपारे, गंडेदोरे यांच्याशी आपला संबंध १९५६ सालीच सुटला. दुखू लागले की घरातली एखादी वडीलधारी बाई अजूनही देवऋष्याचे नाव काढते, तेव्हा तिला न दुखावता पण ठामपणे नाही म्हणावे.

मात्र पुढील लक्षणे दिसली तर रात्र आहे म्हणून थांबू नये; ताबडतोब इस्पितळ गाठावे. श्वास घ्यायला त्रास होणे, गळा सुजत जाणे, पाणीही गिळता न येणे, हातापायांतील शक्ती जाणे किंवा बधिरपणा वाढणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप येणे, जखमेतून पू किंवा पाणी येणे. पोटरी सुजून दुखणे किंवा अचानक छातीत दुखणे हेही धोक्याचेच.

तथागतांनी डोके धरले

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. का? तर तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदांनी पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्खूंना त्यांनी सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

त्याच ठिकाणी चांगला सेवक कोण, हेही सांगितले आहे. औषध तयार करून देता येणारा, पथ्य-कुपथ्य जाणणारा, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणारा, मलमूत्राची किळस न बाळगणारा आणि धम्माच्या गोष्टी सांगून धीर देणारा. पेशंटलाही जबाबदारी दिली आहे. त्याने पथ्य पाळावे, औषध घ्यावे, दुखणे खरे सांगावे. आमच्या भगिनी इथेच कमी पडतात. ‘बरं आहे आता’ असे म्हणून त्या पदर खोचतात. घरातील पुरुषांनी व मुलग्यांनी पाणी भरणे, भाकरी थापणे हे तीन महिने अंगावर घ्यावे. जो आज कामाचा नाही त्याचीही सेवा करायची, हाच त्या प्रसंगाचा अर्थ आहे.

पोटाचा प्रश्न खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही. कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवला गेला, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पुढे १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा झाला. विमा असलेल्या कामगाराला वर्गणीच्या अटी पूर्ण झाल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी विमा डॉक्टरांचा दाखला वेळेत घ्यावा आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवावी. विमा नसेल तर ऑपरेशनपूर्वीच इस्पितळातील आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारावे.

शेवटी आपल्या विहार समित्यांना एक विनंती. प्रत्येक विहाराने एक लोखंडी खाट, एक कमोडची खुर्ची आणि दोन उशा घेऊन ठेवाव्यात. वस्तीतील ज्या घरी गरज असेल तिथे त्या न्याव्यात, काम झाले की धुऊन परत आणाव्यात. चार-पाच घरांच्या वर्गणीत हे होण्यासारखे आहे. आणि वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, तेव्हा एखाद्या संध्याकाळी ते पेशंटच्या खाटेजवळ करावे. त्याला विहारात येता येत नसेल तर विहाराने त्याच्याकडे जावे.

जयभीम!