एमएस असताना वजन कमी करायचंय? आहार निवडताना हे बघा

मल्टिपल स्क्लेरोसिससाठी (एमएस) दोन आहारांची नावं हमखास कानावर येतात. डॉ. रॉय स्वँक यांचा आहार 1940च्या दशकाच्या अखेरीचा: संपृक्त चरबी दिवसाला 15 ग्रॅमच्या आत. दोन मोठे चमचे तुपातच ही मर्यादा ओलांडते! डॉ. टेरी वाल्स यांना स्वतःला एमएस आहे. त्यांच्या आहारात भाज्या भरपूर, गहू आणि दूध बाद. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन्हींनी थकवा घटलेला दिसला. पण आजार रोखणारा आहार अजून सिद्ध झालेला नाही.

वजन कमी करायला मला भाकरी, उसळ, कोशिंबीर, बेताचं तेल हेच जास्त निभावणारं वाटतं. कडक उपास नकोतच, अंगात आधीच त्राण नसतं. दूध सोडणार असाल तर कॅल्शियमबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा. कारण एमएससाठी वारंवार स्टेरॉइड घेतल्याने हाडं ठिसूळ होऊ शकतात.