वितळलेल्या ग्रहाची वीस वर्षे

५५ कॅन्क्री ई हा कर्क राशीतल्या एका ताऱ्याभोवती फिरणारा तप्त, खडकाळ ग्रह आहे. तारा ४१ प्रकाशवर्षे दूर आहे. ग्रहाचा व्यास पृथ्वीच्या जवळपास दुप्पट आणि वस्तुमान सुमारे आठपट, म्हणून त्याची गणना ‘महापृथ्वी’ या गटात होते. ताऱ्यापासून तो जेमतेम २३ लाख किलोमीटरवर आहे. सूर्यापासून बुधाचे अंतर याच्या पंचवीसपट भरेल. त्याचे वर्ष पावणेअठरा तासांच्या आत संपते. २००४ च्या ऑगस्टअखेर त्याचा शोध जाहीर झाला, त्याला वीस वर्षे उलटली.

परक्या ताऱ्यांभोवती ग्रह शोधण्याची हौस जुनी आहे आणि तिची सुरुवातीची दीडशे वर्षे चुकांनीच भरलेली आहेत. पुण्यात खासगी वेधशाळा बांधून जोडतारे मोजणारे कॅप्टन विल्यम जेकब पुढे मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. ‘७० ऑफियुची’ या जोडताऱ्यात ग्रह असावा, असे त्यांनी १८५५ साली मांडले. १८६२ मध्ये ते पुण्यातच वारले. दावा पुढे खोटा ठरला. ५५ कॅन्क्रीभोवती पहिला ग्रह १९९६ साली सापडला, तो गुरूच्या जातीचा. २००२ मध्ये आणखी दोन, त्यांतला एक फार दूरचा. इथवरची गोष्ट तज्ज्ञांच्या कामाची. इतरांनी वगळली तरी चालेल.

खरी रंगत २००४ नंतरच्या दशकात आहे. टेक्सासमधल्या दुर्बिणीने ताऱ्याच्या किंचित डोलण्यावरून हा चौथा ग्रह ओळखला, तेव्हा त्याची प्रदक्षिणा २.८ दिवसांची आणि वस्तुमान पृथ्वीच्या चौदापट सांगितले गेले. दोन्ही आकडे चुकीचे होते, आणि सहा वर्षे ते कोणाला खटकले नाहीत. दुर्बीण रात्रीच चालते; रोज एकदाच डोकावणाऱ्याला घाण्याच्या बैलाने मधल्या वेळात किती फेरे मारले ते कळत नाही. रिबेका डॉसन आणि डॅनियल फॅब्रिकी यांनी २०१० मध्ये जुनीच मोजमापे पुन्हा तपासली आणि फेरा १७ तास ४१ मिनिटांचा काढला. नवी दुर्बीण न लावता, नुसत्या हिशेबाने लागलेला हा शोध या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे काम म्हणावे लागेल. ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ असेल तर तो ताऱ्यासमोरून जाताना दिसण्याची शक्यता बरीच वाढते. २०११ मध्ये ‘मोस्ट’ आणि ‘स्पिट्झर’ या अवकाश दुर्बिणींनी ते अधिक्रमण टिपले. पुढच्याच वर्षी ‘स्पिट्झर’ने ग्रहाची स्वतःची उष्णता मोजली. महापृथ्वीकडून आलेला प्रकाश प्रथमच पकडला गेला तो असा.

हे शोध लागत होते त्याच दशकात इकडे वऱ्हाडात भारनियमन जोरात होते. संध्याकाळी लाइन गेली की अकोला-अमरावतीकडची खेडी तासन्‌तास अंधारात बुडत, आणि उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून पडलेल्या माणसांना फुकटात भरगच्च आकाश मिळे. पिकाच्या पाण्याचे हाल करणाऱ्या त्या अंधाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आकाशाला तो मानवला, हेही खरे.

२०१२ च्या ऑक्टोबरात घोटाळा झाला. ग्रहाच्या पोटात कार्बन विपुल असेल तर त्याचा मोठा हिस्सा हिऱ्याच्या रूपात असू शकेल, असे निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी सुचवले. मांडणी नेटकी होती, तिच्यातला ‘असेल तर’ही स्पष्ट होता. बातम्यांनी तो गाळला आणि ‘हिऱ्यांचा ग्रह’ जन्माला आला. २०१३ मध्ये ताऱ्यातल्या कार्बनचे प्रमाण नव्याने मोजले गेले, ते ऑक्सिजनपेक्षा कमी निघाले, आणि कल्पनेचा पायाच डळमळला. हिऱ्यांना मथळे मिळाले होते, दुरुस्तीला कोपराही मिळाला नाही. आजही तीच बातमी अधूनमधून ताजी म्हणून खपवली जाते.

२०१५ मध्ये ग्रहाला ‘यान्सेन’ हे नाव मिळाले, डच चष्मेकऱ्यावरून. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी गुंटूरला आलेला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन वेगळा.

२०२४ च्या मे महिन्यात जेम्स वेब दुर्बिणीचे निष्कर्ष आले. ग्रहाची दिवसाची बाजू सुमारे १५४० अंश सेल्सिअस भरली. वातावरणाशिवाय ती २२०० अंशांच्या आसपास असायला हवी होती. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडचे आवरण उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेत असावे. हे वायू खालच्या वितळलेल्या खडकातून सतत बाहेर पडत असावेत, असा अंदाज आहे.

वितळलेला खडक वऱ्हाडाला परका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. पूर्णेच्या खोऱ्यातला गाळ सोडला, तर अमरावती-अकोल्याच्या पायाखाली तोच काळा बेसाल्ट आहे. चिखलदऱ्याच्या कड्यांवर त्याच्या पायऱ्या उघड दिसतात, आणि कपाशीची काळी जमीनही त्याच्याच झिजेतून आली. तो लाव्हा अकराशे-बाराशे अंशांचा असावा. यान्सेनच्या उजेडातल्या बाजूवर हा सारा दगड पातळ होईल.

५५ कॅन्क्री या ताऱ्याची तेजाची प्रत सहाच्या जवळपास आहे, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या क्षमतेची सीमा. अमरावतीहून तो डोक्यावरून जेमतेम सात अंश उत्तरेला सरकून जातो. क्षितिजावरच्या धुळीचे निमित्तही सांगता येत नाही. तरी शहरातून तो दिसत नाही. रिकाम्या रस्त्यांवर रात्रभर जळणारे पांढरे एलईडी दिवे आणि आकाशाकडे तोंड करून लावलेले मंगल कार्यालयांचे झोत, ही त्याची कारणे. दिव्यांना वरून झाकण लावायला फार खर्च येत नाही, आणि नगरपालिकांनी ते लावावे. तोवर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, चंद्र नसताना, मेळघाटाच्या कडेला रात्री सव्वानऊच्या सुमारास कर्क राशीच्या उत्तर भागावर साधी द्विनेत्री रोखावी. तारा सापडेल, ग्रह मात्र कोणत्याही द्विनेत्रीतून दिसणार नाही.