बोटे झडत नाहीत

कुष्ठरोगात हातापायाची बोटे झडतात, हा समज इतका जुना आणि पक्का आहे की शिकलेली माणसेही तो निमूटपणे धरून चालतात. बोटे झडत नाहीत. या रोगाचा जंतू बोट खात नाही, तो नस धरतो. शरीराच्या त्यातल्या त्यात थंड भागात, कोपरापाशी, मनगटापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे नसा कातडीला लागून जातात तिथे त्याचा मुक्काम असतो. नस सुजते, कामातून जाते आणि तिच्या ताब्यातला हात किंवा पाय बधिर होतो. पुढचे नुकसान करतो तो रोजचा संसार.

चहाने भरलेला स्टीलचा पेला घ्या. इतर कुणीही तो काठाला धरेल, बोट भाजले की हात बदलेल, रुमाल गुंडाळेल. बधिर हाताचा माणूस मात्र निवांत बसून चहा संपवतो; तळहाताला फोड आल्याचे संध्याकाळी घरातले कुणीतरी त्याला दाखवते. दुखत नाही म्हणून काम थांबत नाही. फोड फुटतो, जखम चिघळते, पू हाडापर्यंत उतरतो. हाड झिजत जाते आणि बोट आखूड होते. त्याला वर्षे लागतात, आणि असे कितीतरी पेले.

हा उलगडा ठामपणे मांडला तो पॉल ब्रँड यांनी. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले हे ब्रिटिश शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. छडा लावला तेव्हा कळले की झोपेत उंदीर बोटे कुरतडत होते आणि रुग्णाला जागही येत नव्हती. मग रुग्णांना मांजरे देण्यात आली. वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वस्त उपाय क्वचितच सापडेल. लुळ्या पडलेल्या स्नायूंच्या जागी चांगल्या स्नायूची कंडरा वळवून वाकडी बोटे पुन्हा कामाला लावणाऱ्या शस्त्रक्रियाही ब्रँड यांनीच वेल्लोरला रुळवल्या.

दुसरा गैरसमज याच बोटांवरून सुरू होतो. आखडलेला हात दिसला की एसटीत शेजारचा माणूस सरकून बसतो. पण असा हात बहुतेक वेळा जुना असतो: रोग केव्हाचा बरा झालेला, अंगात जिवंत जंतू नाहीत, उरली आहे ती फक्त इजा. ज्याच्याकडून संसर्ग होऊ शकतो तो माणूस अनेकदा चारचौघांसारखाच दिसतो. फार तर चेहरा तेलकट, कानाच्या पाळ्या जाड, अंगावर पुसट चट्टे. आणि उपचार अजून सुरू झालेले नाहीत. म्हणजे लोक भितात एकाला आणि शेजारी बसतात दुसऱ्याच्या. अर्थात त्या दुसऱ्यालाही भिण्याचे कारण नाही. साधारण ९५ टक्के लोकांच्या शरीरात या जंतूशी लढण्याची ताकद जन्मतःच असते. रोग पसरतो तो प्रामुख्याने श्वासावाटे, उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ निकट सहवासात. हस्तांदोलनाने किंवा एका बाकावर बसल्याने नाही. औषध सुरू झाले की संसर्गाची शक्यता झपाट्याने संपते.

आनुवंशिकतेचे आणि पूर्वजन्मीच्या पापाचे म्हणाल, तर ते प्रकरण १८७३ मध्येच निकालात निघाले. नॉर्वेतल्या बर्गेनला हान्सेन या डॉक्टरांनी हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एकाच घरात दोघे-तिघे रुग्ण निघतात ते रक्तामुळे नव्हे, सहवासामुळे. जंतू कमालीचा सुस्त असतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे जातात, कधी २० सुद्धा. त्यामुळे कुणाकडून लागण झाली हे सहसा कळतच नाही आणि ठपका नशिबावर जातो.

अंगावर पांढरा डाग उठला की घर हादरते, तेही उगाच. दुधासारखा पांढराशुभ्र डाग म्हणजे कोड. त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही आणि तिथे स्पर्श नीट कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा बधिर. आरोग्यसेवक रुग्णाला डोळे मिटायला लावून बॉलपेनच्या टोकाने त्वचेला हळूच स्पर्श करतात आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगतात. चट्ट्यावर टोक टेकते आणि रुग्णाचे बोट हलत नाही.

‘हा रोग आता राहिलाय कुठे?’ असे विचारणारेही भेटतात. डिसेंबर २००५ मध्ये भारताने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाच्या दूरीकरणाचे उद्दिष्ट गाठले. त्याचा अर्थ दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. शून्य नव्हे. आजही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोली, पालघर ही नावे त्या यादीत पुन्हा पुन्हा येतात.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज मात्र रुग्ण आणि कधी कधी डॉक्टरही जोपासतात: गोळ्या संपल्या, विषय संपला. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन यांची एकत्रित औषधयोजना जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. रोगाच्या प्रकारानुसार ती ६ किंवा १२ महिने घ्यायची, सरकारी दवाखान्यात मोफत. जंतू त्याने मरतात. पण मेलेली नस परत येत नाही. शिवाय उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही ‘रिॲक्शन’ येऊ शकते. चट्टे लाल होऊन सुजतात, नस ठणकते, एखाद्या दिवशी पाऊल उचलता येईनासे होते. रुग्णाला वाटते औषध बाधले, आणि तो गोळ्याच बंद करतो. खरे तर हा प्रतिकारशक्तीचा उठाव असतो आणि त्यावर स्टिरॉइड लागते. नस निकामी होऊन सहा महिन्यांहून कमी काळ झाला असेल तर ती वाचण्याची आशा असते. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, तीही अनेकांना रोग बळावल्याची खूण वाटते. औषध थांबल्यावर काही महिन्यांत रंग पूर्ववत होत जातो, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

उरतो तो बधिर पाय, जन्मभराचा. त्याची निगा साधी पण रोजची: पाय वीसेक मिनिटे साध्या पाण्यात भिजवायचे, जाड कातडी दगडाने हलकेच घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचे आणि तळवा निरखून पाहायचा, काटा-खडा रुतला आहे का. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यालाही आपला तळवा असाच रोज तपासावा लागतो. मधुमेह जन्मभर राहतो, कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. तरी वाळीत टाकला जातो तो बरा झालेला.

दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहती घरांनी दारे बंद केली होती त्या काळात उभ्या राहिल्या. आज रुग्णाला घरापासून दूर ठेवण्याचे वैद्यकीय कारण नाही. कायदा हे उशिरा शिकला. रुग्णांना डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळले गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींना स्वतंत्र स्थान आहे.

बधिर पायासाठी मऊ रबराच्या एमसीआर चपला सरकारी कार्यक्रमातून मिळतात. कित्येकांनी त्या वर्षानुवर्षे घरातच ठेवल्या, कारण त्या ठरावीक घडणीवरून गावाला आजार कळत असे. आता बाजारातल्या चपलांसारख्या दिसणाऱ्या एमसीआर चपलाही बनू लागल्या आहेत, आणि त्या पायात राहतात.